हिरडीची जाडी आणि दाताचा आकार: प्रकल्प नोंदी

२ जून

विभागाच्या केस पेपरवर एक चौकट आहे: 'बायोटाइप (म्हणजे हिरडीचा प्रकार): पातळ / जाड'. ती कशी भरली जाते हे ओपीडीत बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ओठ वर करायचा, वरचे समोरचे दोन दात बघायचे. लांबट, मानेशी (हिरडीजवळ) निमुळते दिसले की 'पातळ'. रुंद, चौकोनी दिसले की 'जाड'. म्हणजे चौकट हिरडीची आणि उत्तर दाताकडे बघून.

मॅडमनी प्रकल्प दिलाय तो यावरच. या सवयीला आधार किती आहे ते शोधायचं, नवं नोंदपत्रक तयार करायचं आणि जुलैअखेर सेमिनार. त्यांचा प्रश्न सरळ होता: "दात बघून हिरडीची जाडी सांगता येते की नाही, तेवढं सांग." होकार किंवा नकार एका शब्दात निघेल असं आत्ता तरी वाटत नाही.

५ जून

मुळापासून सुरुवात. १९६९ मध्ये ऑक्सनबाइन आणि रॉस यांनी हाडाच्या शस्त्रक्रियेबद्दल लिहिताना हिरडीचे दोन ढंग मांडले: सपाट कडेची जाड आणि खोल कमानींची पातळ. पहिली चौकोनी दाताबरोबर, दुसरी निमुळत्या दाताबरोबर. वाइसगोल्ड यांनी १९७७ मध्ये क्राऊन (दातावरची कृत्रिम टोपी) बसवणाऱ्याच्या नजरेतून हीच जोडी घेतली आणि पातळ हिरडी क्राऊनच्या कडेपाशी मागे सरकण्याची भीती जास्त, हे ठसवलं. 'बायोटाइप' हे नाव १९८९ मध्ये सीबर्ट आणि लिंडे यांच्याकडून आलं.

वाचताना एक गोष्ट लक्षात येते. ही जोडी आली ती अनुभवी डोळ्यांतून, मोजपट्टीतून नव्हे. त्यामुळे ती चुकीची ठरते असं नाही, अनुभवी डोळ्याला खूप काही दिसतं. पण डोळ्याला चार गोष्टी एकत्र दिसल्या की त्या बांधलेल्याच असतात असं वाटू लागतं. इथे दाताचा आकार, कडेची कमान, हिरडीची जाडी आणि हाडाची जाडी अशा चारही गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या गेल्या.

मर्यादांचाही गोंधळ आहे. क्लॅफी आणि शॅनली यांनी १९८६ मध्ये १.५ मिमी किंवा कमी म्हणजे पातळ आणि २ मिमी किंवा जास्त म्हणजे जाड असं धरलं. आजची प्रचलित सीमा १ मिमी आहे. गोसलिंड आणि सहकाऱ्यांच्या १९७७ च्या मोजणीत मोकळ्या कडेच्या हिरडीची सरासरी जाडी १.५६ मिमी आणि चिकटलेल्या हिरडीची १.२५ मिमी आली होती. म्हणजे मोकळ्या कडेशी सरासरी माणूस १९८६ च्या सीमेने जेमतेम पातळच्या वर आणि आजच्या सीमेने बिनघोर जाड. पेपर हातात घेतला की आधी सीमा कुठे आखली आहे ते बघायचं, निष्कर्ष नंतर.

९ जून

आज मुख्य काम वाचून झालं. सविस्तर लिहून ठेवतेय, सेमिनारचा कणा हाच.

ओल्सन आणि लिंडे, १९९१. वरच्या मधल्या पटाशीच्या दाताची रुंदी भागिले लांबी काढून लांबट-अरुंद आणि आखूड-रुंद अशी टोकं समोरासमोर ठेवली. लांबट-अरुंद दातवाल्यांमध्ये हिरडी मागे सरकलेली जास्त दिसली. १९९३ मध्ये त्यांनी मारिनेलो यांच्यासह किशोरवयीन मुलांमध्ये पुन्हा मोजलं. लांबट-अरुंद दाताशेजारी केराटिनयुक्त (घट्ट, टणक पृष्ठभागाच्या) हिरडीचा पट्टा अरुंद, प्रोब (दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत घालायची बोथट सळई) उथळ जाणारा आणि कडेची कमान खोल. इथवर जुन्या जोडीला दुजोराच मिळतो. पण मोकळ्या हिरडीच्या जाडीशी ज्यांचा संबंध दिसला त्या गोष्टी होत्या केराटिनयुक्त पट्ट्याची रुंदी, प्रोबची खोली आणि दाताच्या स्वतःच्या क्राऊनची (हिरडीबाहेरच्या भागाची) पुढून मागची, म्हणजे ओठाकडून टाळूकडची, जाडी. आपण ओठ वर करून बघतो ती दाताची समोरची बाह्यरेषा. पुढून मागची जाडी त्या नजरेत येतच नाही.

डी राउक आणि सहकारी, २००९. निरोगी हिरडीच्या १०० जणांची मोजमापं घेऊन त्यांचे गट गणिताला पाडू दिले, स्वतः आधी नावं दिली नाहीत. हिरडी पातळ की जाड, हे फटीत घातलेला प्रोब हिरडीतून दिसतो की नाही यावरून ठरवलं. गट निघाले तीन. पहिला: पातळ हिरडी, सडपातळ दात, अरुंद पट्टा, खोल कमान. साधारण एक तृतीयांश लोक, त्यात बहुतेक स्त्रिया. दुसरा: जाड हिरडी, चौकोनी दात, रुंद पट्टा, सपाट कड. हाही साधारण एक तृतीयांश. हे दोन गट म्हणजे १९६९ ची जोडी जशीच्या तशी.

आणि तिसरा: हिरडी जाड, पण दात सडपातळ, पट्टा अरुंद, कमान खोल. हा गटही एक तृतीयांशाहून जास्त.

आपल्या चौकटीत या लोकांना जागाच नाही. दात बघून आपण त्यांना बिनदिक्कत 'पातळ' लिहितो. झ्वीर्स आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या आढाव्यातही हेच तीन प्रकार टिकले: पातळ-कमानदार, जाड-सपाट, जाड-कमानदार.

मॅडमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळतं. दात स्पष्ट चौकोनी असेल तर हिरडी जाड असण्याचा अंदाज बराचसा टिकतो. दात त्रिकोणी, म्हणजे मानेशी निमुळता, असेल तर जाडीबद्दल जवळपास काहीच हाती लागत नाही. अंदाज एकाच दिशेने चालतो, आणि हे मला एकाही व्याख्यानात कुणी असं सांगितल्याचं आठवत नाही.

१४ जून

छोटी नोंद. नुसत्या नजरेवर किती विसंबावं? एघबाली आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये अनुभवी आणि नवख्या दोन्ही दंतवैद्यांना फोटो दाखवून हिरडीचा प्रकार ओळखायला सांगितला. पातळ-कमानदार, म्हणजे जिथे जोखीम खरी, त्यातले जवळपास निम्मे निसटले. अनुभवाने फारसा फरक पडला नाही. कान आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये नजर, प्रोब आणि दात काढताना तिथल्या हिरडीची कॅलिपरने थेट मोजणी, अशी तुलना केली. प्रोबचा निकाल थेट मोजणीशी जुळला, नजरेचा नाही.

ज्युनिअर म्हणाला, "मग चौकट 'प्रोब दिसतो / दिसत नाही' अशी करून टाकू या ना, संपलं काम." जाडीपुरतं तसंच होईल बहुधा. पण मग दाताच्या आकाराचं काय करायचं, तो नोंदवायचाच नाही का?

१९ जून

मोजण्याच्या पद्धती मांडून बघितल्या.

प्रोब फटीत घालून बघणं सगळ्यांत सोपं. उत्तर हो किंवा नाही एवढंच येतं, पण दुसऱ्या हातातही ते बऱ्यापैकी तसंच येतं. एक अडचण म्हणजे हिरडीत रंगद्रव्य गडद असेल तर प्रोबची राखाडी छाया ओळखणं कठीण जातं. रंगीत टोकांचे प्रोब आले आहेत, पांढरा, हिरवा, निळा, एकापेक्षा एक उठून दिसणारे. त्यांनी दोनाऐवजी जास्त पायऱ्या मिळतात.

एंडो फाईलवर (रूट कॅनालच्या बारीक सुईवर) रबर स्टॉप, म्हणजे रबरी चकती, सरकवून हिरडीत टोचायचं आणि फाईल कॅलिपरवर मोजायची, ही जुनी पद्धत आकडा देते. पण सुई मारून बधिर केलं तर औषधानेच हिरडी फुगते, म्हणून वरून लावायचं जेल बरं. शिवाय कडेपासून किती खाली टोचलं ते लिहिलं नाही तर आकड्याला अर्थ नाही. कडेशी, मध्यावर आणि म्यूकोजिंजायव्हल रेषेजवळ (घट्ट हिरडी संपून मऊ ऊती सुरू होते तिथे) जाडी वेगवेगळी भरते.

अल्ट्रासाऊंड टोचत नाही, मात्र हिरडीवर काटकोनात धरावा लागतो. सीबीसीटीत (त्रिमितीय एक्स-रे स्कॅनमध्ये) ओठ हिरडीला चिकटलेला असला की दोघांची सीमा पुसली जाते. लिप रिट्रॅक्टर लावून ओठ दूर ठेवला की हिरडी आणि हाड दोन्ही वेगळी दिसतात, ही युक्ती २००८ पासून छापील आहे. पण केवळ हिरडीच्या जाडीसाठी किरणं द्यायची नाहीत. इम्प्लांटसाठी स्कॅन होणारच असेल तर रिट्रॅक्टर लावून घ्यायचा, एवढंच.

२५ जून

आज दाताच्या आकाराकडे वळले आणि इथे खरी गाठ सापडली.

'लांबट' म्हणजे काय? रुंदी भागिले लांबी. रुंदी दाताची. लांबी? कुरतडण्याच्या धारेपासून हिरडीच्या कडेपर्यंत. म्हणजे लांबीचं एक टोक हिरडीच ठरवते! हिरडी मागे सरकली की दात आपोआप लांबट होतो. आणि पातळ हिरडी जास्त मागे सरकते. मग 'लांबट दाताशी पातळ हिरडी' हे नातं काही अंशी आपण मोजपट्टीनेच घडवलेलं असू शकतं.

उलट बाजूने तेच. दात पूर्ण उगवूनही हिरडी क्राऊनवरच थांबली असेल तर दात आखूड आणि चौकोनी दिसतो, आणि अशा ठिकाणी हिरडी बऱ्याचदा जाड असते. दात घासून झिजला असेल तरी तो आखूड होतो. त्या चौकोनीपणाचा तर हिरडीशी काडीचाही संबंध नाही.

ओल्सन आणि लिंडे यांना हे ठाऊक होतं. जिथे इनॅमल (क्राऊनचं आवरण) आणि सिमेंटम (मुळाचं आवरण) यांची सीमा उघडी दिसत होती तिथे त्यांनी लांबी त्या सीमेपर्यंत धरली आणि रुंदी मानेकडचा एक तृतीयांश भाग मधल्या भागाला मिळतो तिथे घेतली. पुढच्या सगळ्यांनी ही काळजी सारखी घेतली असं नाही. वाचताना 'लांबी कुठून कुठे' हे पेपरच्या समासात लिहून ठेवायला लागलेय.

हिरडीवर न अवलंबणारं आकाराचं माप हवं असेल तर शेजारच्या दाताशी होणारा स्पर्श बघावा. त्रिकोणी दातात तो कुरतडण्याच्या धारेजवळ आणि लहान असतो, चौकोनी दातात लांब आणि हिरडीकडे उतरलेला. मानेशी क्राऊनचा फुगवटाही वेगळा, त्रिकोणी दातात कमी, चौकोनीत ठळक. ही मापं हिरडी सरकली तरी फारशी हलत नाहीत. त्यातलं स्पर्शाच्या उंचीचं माप नोंदपत्रकात घ्यायचं ठरवलं.

३० जून

ज्युनिअर आणि मी पेशंटच्या दातांचे जुने प्लास्टर कास्ट (साचे) काढून बसलो. त्रिकोणी, चौकोनी आणि मधले असे ढीग लावायचे, एकमेकांचे ढीग न बघता. टोकाच्या दातांवर भांडण झालं नाही, मधल्यांवर झालंच. तो कडांचा उतार बघत होता, मी स्पर्शाची जागा. जागा कुठली बघायची ते आधी ठरवलं तर वाद बराच निवळला. झिजलेले कास्ट बाजूला काढले.

५ जुलै

कमानीबद्दल. हिरडीची कड कमानदार का होते, याचं उत्तर दातातच आहे. इनॅमल आणि सिमेंटमची सीमा दोन दातांच्या मध्ये धारेकडे उचललेली असते. वरच्या मधल्या पटाशीच्या दातात हे वळण सगळ्यांत जास्त, मध्यरेषेकडच्या बाजूला सुमारे ३.५ मिमी, आणि मागे जावं तसं कमी होत दाढांमध्ये जवळपास सपाट होतं. हाडाची कड या सीमेच्या थोडी मागे राहून तिचीच चाल धरते आणि हिरडी हाडाची. शिवाय त्रिकोणी दात मानेशी अरुंद, म्हणून दोन मुळांमध्ये हाडाला जागा जास्त, आणि स्पर्श दूर असल्याने मधला पॅपिला (दोन दातांमधलं हिरडीचं टोक) उंच असावा लागतो.

तो पॅपिला दातांमधली जागा भरतो की तिथे रिकामा काळा त्रिकोण राहतो, याचा हिशेब टार्नो आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडला. स्पर्शबिंदूपासून हाडापर्यंत ५ मिमी किंवा कमी अंतर असेल तर पॅपिला जवळपास नेहमी जागा भरतो, ६ मिमीला ५६ टक्के वेळा, ७ मिमीला २७ टक्के वेळा. त्रिकोणी दातात स्पर्श मुळातच दूर, म्हणून हाड थोडं उतरलं तरी काळा त्रिकोण लवकर दिसतो.

तेव्हा दाताचा आकार आणि कडेची कमान यांचं नातं पक्कं आहे, त्यामागची रचनाही दिसते. जाडीसाठी असं काही कारण मला अजून सापडलेलं नाही. कमान ही समोरच्या प्रतलातली गोष्ट, जाडी पुढून मागची. एक दुसरीला का बांधील असावी?

८ जुलै

सुळ्याने हा मुद्दा माझ्यासाठी निकालात काढला.

म्युलर आणि एगर यांच्या मोजणीत ओठाच्या बाजूची सगळ्यांत पातळ हिरडी सापडली ती वरच्या सुळ्यांवर आणि खालच्या पहिल्या उपदाढांवर, सुमारे ०.७ ते ०.९ मिमी. वरचा सुळा म्हणजे समोरच्या दातांतला सगळ्यांत दणकट गडी. त्याच्या क्राऊनला सडपातळ कुणी म्हणणार नाही. तरी हिरडी पातळ, कारण त्याचं मूळ दातांच्या रांगेबाहेर येऊन ओठाच्या बाजूला उठलेलं असतं आणि त्यावरचं हाड नावापुरतं. एकाच तोंडात, एकाच माणसात जाडी दातागणिक बदलते ती मूळ हाडात कुठे बसलंय यावर.

म्हणजे 'या पेशंटची हिरडी पातळ' हे वाक्यच अपुरं आहे. कुठल्या दातापाशी ते लिहायला हवं. दात वाकडा उगवून पुढे आला असेल तर शेजारी जाड आणि त्याच्यावर पातळ असंही दिसतं. ऑर्थोडोंटिक तारेने दात पुढे ढकलला की तिथली हिरडी ताणून पातळ होऊ शकते. दाताचा आकार मात्र तोच राहतो.

वय आणि लिंगही आहेच. वंदना आणि सविता यांच्या २००५ च्या अभ्यासात तरुण गटाची हिरडी मोठ्या वयाच्या गटापेक्षा जाड आली, स्त्रियांची पुरुषांपेक्षा पातळ, खालच्या जबड्यातली वरच्यापेक्षा पातळ.

१२ जुलै

हाड. फू आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये हिरडी आणि खालचं हाड यांच्या जाडीत मध्यम संबंध दाखवला. कुक आणि सहकारी, २०११: प्रोब दिसणाऱ्या हिरडीखाली ओठाकडचं हाड पातळ आणि हाडाची कड दाताच्या मानेपासून दूर. पण त्याच अभ्यासात हिरडी सरकण्याशी मात्र थेट संबंध आला नाही. पातळ हिरडी स्वतःहून खाली उतरत नाही. सदोष ब्रशिंग, दाह, फुगीर क्राऊन, तार, काहीतरी निमित्त लागतं.

२०१७ च्या जागतिक कार्यशाळेने (छापील २०१८) 'बायोटाइप' सोडून 'फिनोटाइप' घ्यायला सांगितलं, कारण ग्राफ्टने (दुसरीकडची ऊती लावून) किंवा उपचाराने जाडी बदलता येते. त्यांनी हिरडीची जाडी, केराटिनयुक्त पट्ट्याची रुंदी आणि हाडाची जाडी असे तीन भाग केले. प्रोब दिसला तर १ मिमी किंवा कमी, नाही दिसला तर १ मिमीहून जास्त. तीन प्रकारांच्या वर्णनात दाताचा आकार येतो, पण जाडी ठरवण्यासाठी तो वापरायला सांगितलेला नाही.

१७ जुलै

मॅडमना आत्तापर्यंतचं दाखवलं. त्यांनी अख्खं वाचलं आणि विचारलं, "ठीक. खुर्चीवर बसलेल्या माणसासाठी यातलं काय बदलतं?"

बरंच बदलतं. जाड हिरडीला दाह झाला की ती सुजते आणि दाताशेजारी पॉकेट (खोल फट) बनतं, पातळ हिरडी सरकते. मूळ झाकण्याच्या शस्त्रक्रियेत फ्लॅप (उचलून सरकवायचा हिरडीचा पदर) ०.८ मिमीहून जाड असेल तर पूर्ण झाकलं जाण्याची शक्यता वाढते (बाल्डी आणि सहकारी, १९९९). दाताचा दिसणारा भाग लांब करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर जाड हिरडी जास्त परत वाढते, तेव्हा अंतिम क्राऊनची कड ठरवायची घाई नको. इम्प्लांटवर पातळ हिरडीतून टायटॅनियमची राखाडी झाक येते. युंग आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये डुकराच्या जबड्यांवर दाखवलं की ऊती ३ मिमी जाड असेल तर कुठल्याच पदार्थाचा रंगफरक डोळ्याला कळत नाही.

हे सगळे निर्णय जाडीवर चालतात. ज्या एक तृतीयांशाहून जास्त लोकांचे दात सडपातळ पण हिरडी जाड, त्यांना दात बघून 'पातळ' लिहिलं तर नको असलेला ग्राफ्ट सुचवला जाईल. आकारावर चालणारे निर्णय वेगळे आहेत: पॅपिलाचा अंदाज, काळा त्रिकोण, क्राऊनमध्ये स्पर्श किती खाली आणायचा. दोन्ही नोंदी लागतात, पण वेगळ्या रकान्यांत.

मॅडम म्हणाल्या, "मग फॉर्ममध्ये हेच कर. आणि दात बघून जाडीवर खूण करणाऱ्यांची गैरसोय होईल असा कर."

२४ जुलै

नोंदपत्रकाचा मसुदा. 'बायोटाइप' चौकट काढली. जाडी प्रत्येक दातासाठी वेगळी, वरच्या सुळ्यापासून सुळ्यापर्यंत सहा छोटे रकाने, प्रोब दिसला की टिंब. खाली केराटिनयुक्त पट्ट्याची रुंदी मिमीत. दाताचा आकार पान उलटल्यावर, मागच्या बाजूला, म्हणजे जाडी भरताना तो समोर नसेल. तिथे स्पर्शाची उंची आणि क्राऊनची उंची, सोबत 'झीज', 'उघडी सीमा' आणि 'अर्धवट उघडा क्राऊन' यांना खुणेची जागा. हाडाचा रकाना फक्त स्कॅन असेल तर.

ज्युनिअरने पुढची बाजू भरून बघितली. त्याची तक्रार एवढीच की सहा टिंबांना वेळ लागतो. लागू दे.

छपाईला देण्याआधी दोन गोष्टी राहिल्यात: कुठला प्रोब वापरायचा ते रकान्याखाली छापणं, कारण टोकाचा व्यास बदलला की छाया बदलते. आणि गडद रंगद्रव्य असलेल्या हिरडीसाठी 'ठरवता येत नाही' हा पर्याय, नाहीतर लोक पुन्हा दाताकडे बघतील.

सेमिनार २९ तारखेला.